वावरातला गारा आणि डिफरन्शियलमधलं तेल

पोळ्याच्या आठवड्यात पावसाने जरा उघडीप दिली होती. भाचा त्याचा रिमोटवरचा ट्रक घेऊन आमच्या वावराकडे जाणाऱ्या पांदणीत गेला आणि दहा मिनिटांत पळत परत आला. "मामा, गाडी फसली! एकच चाक फिरून रायलं!"

जाऊन पाहिलं. खऱ्या गाडीच्या एक-अष्टमांश मापाचा, चारही चाकांना जोर असलेला ट्रक काळ्या गाऱ्यात पोटावर टेकला होता. पुढचं डावं चाक चिखल उडवत गरगर फिरत होतं आणि बाकीची तीन ढिम्म होती. मोटर कमजोर आहे, असं भाच्याचं ठाम मत. मोटरमध्ये खरं तर काहीच कमी नव्हतं. कमी होतं ते चाकांच्या मध्ये बसवलेल्या तीन डब्यांमधलं तेल, म्हणजे त्याचा घट्टपणा.

हे नीट कळायला आधी आपली बंडी आठवा. बंडीची दोन्ही चाकं आसावर मोकळी असतात. धुऱ्यावर वळवताना आतलं चाक थोडंच फिरतं, बाहेरचं मोठा फेरा घेतं आणि कुणाचंच काही अडत नाही, कारण जोर बैल लावतात, चाकं नव्हे. इंजिनाने किंवा मोटरने चाकांनाच फिरवायचं ठरलं की पंचाईत होते. या ट्रकच्या डाव्या-उजव्या चाकांत ३५ सेंटीमीटर अंतर आहे. तो गोल फिरला तर आतल्या चाकापेक्षा बाहेरचं चाक एका फेरीत सुमारे २.२ मीटर जास्त चालतं. गोल लहान असो की आख्ख्या वावराएवढा, फरक तेवढाच राहतो. १५ सेंटीमीटर व्यासाच्या चाकाचे हे जवळजवळ पावणेपाच जादा फेरे झाले. दोन्ही चाकं एकाच दांड्यावर पक्की बसवली तर हे फेरे टायर घासून भरून काढावे लागतील.

त्यावरचा उपाय म्हणजे डिफरन्शियल, म्हणजे दोन्ही चाकांना जोर देऊनही त्यांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची रचना. पॅरिसच्या ओनेसिफोर पेकर या घड्याळजीने १८२० च्या दशकात वाफेच्या गाडीसाठी त्याचं पेटंट घेतलं. आपल्या ट्रॅक्टरच्या मागच्या आसात आहे ती हीच रचना, आणि भाच्याच्या ट्रकमध्ये ती तीन ठिकाणी आहे: पुढच्या दोन चाकांत एक, मागच्या दोन चाकांत एक, आणि पुढचा-मागचा भाग जोडणारी मधली एक.

घरी आणून पुढचं डिफरन्शियल जेवणाच्या ताटात उघडलं. चार स्क्रू काढले, क्राउन (मोटरकडून जोर घेणारा मोठा दातेरी गिअर) उचलला, खाली कागदासारखं पातळ पॅकिंग निघालं. आत डाव्या-उजव्या बाजूचे दोन मोठे गिअर आणि त्यांच्या मध्ये आडव्या पिनांवर बसलेले चार छोटे, ज्यांना गॅरेजवाले स्टार पिनियन म्हणतात. क्राउन धरून एका बाजूचा दांडा पुढे फिरवला की दुसऱ्या बाजूचा तितकाच मागे फिरतो. भाचा हे पंधरा मिनिटं करत बसला होता, आणि मला वाटतं डिफरन्शियल समजून घ्यायला याहून चांगली रीत नाही.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. लोक म्हणतात, डिफरन्शियल सगळी ताकद सुटलेल्या चाकाकडे पाठवतं. तसं नाही. साधं डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच पीळ, म्हणजे फिरवणारा जोर, देतं. गाऱ्यातल्या चाकाला पकड नसल्यामुळे ते नाममात्र पिळाने फिरायला लागतं. मग दुसऱ्या चाकालाही तेवढाच नाममात्र पीळ मिळतो आणि त्यात गाडी हलत नाही. ट्रॅक्टर असा फसला की चालक टाचेजवळचं डिफलॉक दाबतो, दोन्ही चाकं एकजीव होतात आणि ट्रॅक्टर निघतो. छोट्या ट्रकमध्ये हे काम बऱ्याच अंशी तेल करतं.

गाडी सरळ चाललेली असते तेव्हा दोन्ही चाकांचा वेग सारखा असतो. गिअर, पिना, तेल, सगळा डबा एकत्र फिरतो आणि तेल कशालाच अडवत नाही. एक चाक जास्त पळालं की मात्र स्टार पिनियन आपल्या पिनांवर फिरू लागतात आणि दात तेलाला फटींतून पिळून काढू लागतात. तेल जेवढं घट्ट आणि वेगातला फरक जेवढा मोठा, तेवढा विरोध जास्त. पळणाऱ्या चाकाचा जो जोर असा अडवला जातो, तो थांबलेल्या चाकाला मिळतो. म्हणजे चाक घसरल्याशिवाय तेल कामाला लागत नाही. लॉकपेक्षा ते क्षणभर उशिराच जागं होतं.

आता तेलाच्या बाटलीवरचा आकडा. ५,०००, १०,०००, १,००,००० असे हे आकडे सेंटिस्टोकमध्ये, म्हणजे घट्टपणा मोजायच्या एककात, असतात. हे नाव पडलं आयर्लंडमध्ये जन्मलेल्या जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स (१८१९-१९०३) या गणितज्ञावरून. पाणी साधारण १ सेंटिस्टोक, स्वयंपाकाचं शेंगदाणा तेल ७०-८०, एरंडेल ७०० च्या आसपास. ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्समधलं 'नव्वद नंबर' ऐकायला जाड वाटतं, पण तो ९० वेगळ्या मोजपट्टीवरचा आहे. सेंटिस्टोकमध्ये ते ४० अंश तापमानाला साधारण २०० भरतं. भाच्याने मागे एकदा तेच भरलं होतं. गिअरना ते चाललं असतं, पण चाकं अडवायला त्याचा काही उपयोग नव्हता.

द्रवात पडणाऱ्या गोळ्याचा वेग किती असेल, याचं सूत्र स्टोक्सने १८५१ मध्ये मांडलं. ते आम्ही ओट्यावर करून पाहिलं. तीन मिलिमीटरचा पोलादी छर्रा आणि सहा सेंटीमीटर खोल तेल. १,००० च्या बाटलीत छर्रा दोनेक सेकंदांत तळाला गेला. १०,००० मध्ये वीस-बावीस सेकंद लागले. १,००,००० मध्ये साडेतीन मिनिटं! भाचा मोबाइलवर वेळ लावून बसला होता आणि त्याची आजी म्हणत होती, "अरे, तो अडकला का काय?" तो अडकला नव्हता, तेलाला बाजूला सारत सारत निघाला होता.

तिन्ही बाटल्यांतला पदार्थ एकच. सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांच्या आलटून-पालटून गुंफलेल्या लांब साखळ्या, आणि प्रत्येक सिलिकॉनला दोन मिथाइल गट. फरक आहे तो फक्त साखळीच्या लांबीचा. ठरावीक लांबीच्या पुढे साखळ्या एकमेकींत गुंततात, आणि मग लांबी दुप्पट केली की घट्टपणा सुमारे दहापट होतो. कापसाचा आखूड धागा चटकन सुटतो आणि लांब धाग्यांचा गुंता उकलता उकलत नाही, तसंच हे.

मग कोणतं तेल भरायचं? शर्यतीच्या ट्रॅकवर धावणाऱ्या एक-अष्टमांश गाड्यांमध्ये ५-७-३ हा आकडा तुम्हाला सर्रास ऐकू येईल: पुढे ५,०००, मध्ये ७,०००, मागे ३,०००. तो सपाट, राखलेल्या मातीसाठी आहे. उड्या मारणाऱ्या जड मॉन्स्टर ट्रकमध्ये याच्या कितीतरी पट घट्ट तेल चालतं. मधल्या डब्यात तर १,००,००० सुद्धा भरतात. दगडांवर चढणाऱ्या संथ गाड्यांत तर डिफरन्शियल सरळ लॉकच करून टाकतात.

माझ्या मते सुरुवात मधल्या डब्यापासून करावी. तिथलं तेल पातळ असेल तर जोर दिल्याबरोबर हलकी झालेली पुढची चाकं हवेत गरगरतात आणि मागच्यांना काही उरत नाही. घट्ट केलं की मागची चाकं ढकलू लागतात. त्यानंतर पुढचं. पांदणीत पुढचं एक चाक गाऱ्यात आणि दुसरं धुऱ्यावर, असं सतत होतं, म्हणून पुढे घट्ट तेल लागतं. मागे मात्र जपून. मागची दोन्ही चाकं फार बांधली गेली तर वळणावर गाडीची शेपटी सुटते. आम्ही पुढे ३०,०००, मध्ये ५०,००० आणि मागे १०,००० भरलं. हेच तेल घेऊन गावातल्या सिमेंट रस्त्यावर उतराल तर टायर फरफटतील, दांड्यांवर ताण येईल आणि मोटर तापेल. काळी माती ओली झाली की चाकाला पकड नसते, सिमेंटवर गरजेपेक्षा जास्त असते. म्हणून आधी चाकाखाली काय आहे ते पाहावं आणि मग बाटली उचलावी.

आपल्याकडे ऋतूंचाही विचार करायला हवा. गरम झाल्यावर सिलिकॉन तेल इंजिन ऑइलइतकं पातळ होत नाही. साधं इंजिन ऑइल ४० अंशांना १०० सेंटिस्टोक असेल तर १०० अंशांना ११ सेंटिस्टोकवर येतं. सिलिकॉन एवढ्याच फरकात साधारण ४० टक्क्यांवर येऊन थांबतं. तरीही ही घट लहान नाही. डिसेंबरच्या पहाटे १०,००० चं तेल साधारण १३,००० सारखं वागेल, आणि मे महिन्याच्या दुपारी ४५ अंशांच्या उन्हात, घर्षणाने डबा ७५ अंशांपर्यंत गेला, तर निम्म्याच्याही खाली येईल. उन्हाळ्यासाठी एक पायरी घट्ट घ्यावं, असं मी सांगतो ते यासाठी.

दोन बाटल्या मिसळून मधलं तेल करता येतं, पण सरासरीचं गणित चालत नाही. १,००० आणि १०,००० समसमान मिसळले तर ५,५०० होत नाही, ३,२०० च्या आसपास होतं. आणि डबा काठोकाठ भरू नका. हे तेल दर अंशाला सुमारे ०.१ टक्का फुगतं. ५० अंशांनी तापलं तर पाच टक्के. जागा नसेल तर ते पॅकिंग ढकलून बाहेर येतं. आडव्या पिना जेमतेम बुडतील एवढं भरून, बुडबुडे वर यायला रात्रभर ठेवायचं.

दिवाळीत सोयाबीन निघालं, पांदण वाळून कडक झाली. एका संध्याकाळी ट्रक मुरमावर वळताना चाकं घासत असल्याचा आवाज मला घरातूनच आला. मी काही बोलायच्या आत भाचा ताट आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसला होता. "मामा, पुढचं पातळ करून रायलो." डबा उघडला तर तेल राखाडी झालेलं, गिअरच्या झिजेने. पॅकिंगचीही एक कड दबून फाटली होती. ते आधी बदललं.