गुलाबी रंग (स्टार ट्रेक विश्व)

‘स्टार ट्रेक’च्या कल्पित विश्वात गुलाबी रंग सुरुवातीपासून आहे. १९६६ साली सुरू झालेल्या मूळ मालिकेत परग्रहांची आकाशे स्टुडिओतल्या पडद्यावर रंगीत प्रकाश टाकून रंगवली जात. रंगीत दूरचित्रवाणी तेव्हा अमेरिकेत घरोघरी पोहोचू लागली होती, त्यामुळे भडक रंगांना वावही होता. तरीही या विश्वात गुलाबी म्हटले की आधी आठवते ते क्लिंगॉन या लढाऊ परग्रहवासी जमातीचे रक्त.

‘स्टार ट्रेक ६: द अनडिस्कव्हर्ड कंट्री’ (१९९१) या चित्रपटात ते जांभळटाकडे झुकणारे गुलाबी आहे. तहाच्या बोलण्यांसाठी निघालेल्या क्लिंगॉन चॅन्सेलर गॉर्कन यांच्या जहाजावर टॉर्पेडो आदळतात, कृत्रिम गुरुत्व बंद पडते आणि माणसे अधांतरी तरंगू लागतात. चुंबकी बूट घातलेले दोन मारेकरी आत शिरून फेझर ही किरणांची बंदूक चालवत सुटतात. जखमांतले रक्त खाली सांडत नाही. पृष्ठताणामुळे त्याचे लहानमोठे गोळे होतात आणि ते संथपणे हवेत भरकटत राहतात. हे गोळे संगणकावर तयार केलेले आहेत. हत्येचे दृश्य इतके शांत आणि म्हणूनच इतके अंगावर येणारे क्वचितच पाहायला मिळते.

पुढे हाच रंग पुरावा ठरतो. नायकांचे अंतराळयान एंटरप्राइझ, त्यावरच्या ट्रान्सपोर्टरपाशी, म्हणजे माणसांना क्षणात दुसरीकडे पोहोचवणाऱ्या यंत्रापाशी, अधिकारी चेकॉवला क्लिंगॉन रक्ताचा डाग सापडतो. मारेकरी तरंगत्या रक्तातून चालत गेले आणि बुटांना लागलेले रक्त घेऊन इथेच परतले, हे त्यावरून उलगडते. चित्रपटाच्या वाढीव आवृत्तीत क्लिंगॉन वेशातला मारेकरी माणूस निघतो, तोही रक्तावरूनच.

मालिकांशी मात्र हे जुळत नाही. १९८७ पासूनच्या ‘द नेक्स्ट जनरेशन’मध्ये वॉर्फ या क्लिंगॉन पात्राचे रक्त लाल आहे. लाल रक्ताचे इतके गोळे पडद्यावर आले असते, तर मुलांना सहज पाहता येईल असे प्रमाणपत्र मिळणे अवघड झाले असते, असे कारण सहसा सांगितले जाते. कथेतही रंग वेगळा असण्याची गरज होतीच, आणि ती बाजू अधिक भक्कम वाटते.

या विश्वातल्या इतर परग्रहवासी जमातींपैकी व्हल्कनांचे रक्त तांब्यामुळे हिरवे, तर अँडोरियनांचे निळे असते. त्यांच्या पंगतीत गुलाबी सर्वांत मनघडंत वाटेल, पण तसे नाही. पृथ्वीवरच्या काही सागरी कृमींत आणि शिंपल्यासारख्या दिसणाऱ्या ब्रॅकिओपॉड प्राण्यांत हेमएरिथ्रिन नावाचे प्रथिन ऑक्सिजन वाहून नेते. त्यात लोह असते, पण आपल्या रक्ताला लाल करणारा हीम हा घटक नसतो. ऑक्सिजन धरला की हे प्रथिन जांभळट गुलाबी होते. ऑक्सिजन सुटला की रंग उडतो आणि ते जवळजवळ पाण्यासारखे दिसते.