चोर बोंबलाचं फॉर्मेलिन

पावसाळा लागला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो व्हिडिओ हमखास येतो. कुणीतरी पापलेटावर बोट दाबतंय, मागे भयपटाचं संगीत, आणि खाली सूचना: ‘माशावर माशी बसत नसेल तर समजा फॉर्मेलिन!’ यंदा तो आला त्याच सकाळी मी बाजारात होतो. आमची नेहमीची मावशी एका हाताने काठीला बांधलेली प्लास्टिकची पिशवी फिरवत माश्या हाकलत होती आणि दुसऱ्या हाताने बांगड्याचे कल्ले उघडून आतला लालभडक रंग दाखवत होती. व्हिडिओचं खरं मानायचं तर तिने माश्या हाकलणं म्हणजे पुरावाच नष्ट करणं झालं. बर्फात नीट गाडलेल्या गार माशावर माशी तशीही कमीच बसते. म्हणजे या कसोटीत चांगला ठेवलेला मासा नापास आणि उन्हात पडलेला पास!

फॉर्मेलिनची, म्हणजे मढी टिकवायला वापरतात त्या रसायनाची, भीती हवेतून आलेली नाही, हेही खरं. जून २०१८ मध्ये केरळच्या अन्नसुरक्षा खात्याने ‘ऑपरेशन सागर राणी’मध्ये कोल्लम जिल्ह्यातल्या आर्यंकावू नाक्यावर फॉर्मेलिन लावलेली सुमारे साडेनऊ हजार किलो मासळी पकडली. पुढच्याच महिन्यात गोव्यात रामायण घडलं. १२ जुलैला अन्न व औषध प्रशासनाने मडगावच्या घाऊक बाजारात पहाटे छापा घातला. जागेवरच्या चाचणीत फॉर्मेलिन सापडल्याची बातमी पसरली, आणि त्याच दिवशी प्रशासनाने सांगितलं की प्रमाण ‘मर्यादेत’ आहे, समुद्री माशात ते निसर्गतःच असतं. लोक भडकले. मढी टिकवायचं रसायन जेवणात मर्यादेत कसं असेल? सरकारने मासळी व्यापाऱ्यांना वाचवलं, असा सरळ आरोप झाला. काही दिवसांत मुख्यमंत्री मनोहर पर्रीकरांनी परराज्यांतून येणारी मासळी बंद केली. तेव्हा गोव्याच्या स्वतःच्या ट्रॉलरना पावसाळी बंदी होती, त्यामुळे मासेखाऊ गोंयकाराच्या ताटाचं काय झालं असेल ते सांगायला नको.

त्या दिवशी कोण खरं बोललं याचा निवाडा मी करणार नाही. पण ‘निसर्गतःच असतं’ हे वाक्य थट्टेवारी नेण्यासारखं मुळीच नव्हतं. त्याच्यामागे जो रेणू आहे, त्याच्या मी अनेक वर्षं प्रेमात आहे.

नाव लांबलचक आहे: ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड. आपण टीएमएओ म्हणू. मधोमध नायट्रोजनचा अणू, त्याला तीन मिथाइल हात आणि चौथीकडे ऑक्सिजन. चवीला किंचित गोडसर, वासाला काही नाही. समुद्री माशांच्या स्नायूंत तो भरलेला असतो, गोड्या पाण्यातल्या रोहू-कटल्यात नावालाच. कारण समुद्रात जगणं अवघड आहे. खारं पाणी शरीरातलं पाणी ओढून घेतं, आणि खोल गेलं की वरच्या पाण्याचा दाब प्रथिनांना मुरगळतो. प्रथिनाचं काम त्याच्या घडीवर अवलंबून असतं. घडी मोडली की काम बंद. टीएमएओ प्रथिनाभोवतालच्या पाण्याला असं काही बांधून ठेवतो की घडी मोडणं महाग पडतं. म्हणून मासा जितका खोल राहणारा तितका त्याच्यात टीएमएओ जास्त. हे इतकं नेमाने वाढतं, की २०१४ मध्ये शास्त्रज्ञांनी त्यावरून गणित मांडलं: साधारण ८,२०० मीटरच्या खाली मासा जगू शकणार नाही, कारण तिथे पुरेसा टीएमएओ साठवायचा तर त्याचं शरीर समुद्राइतकंच ‘खारट’ होऊन बसेल. २०२२ मध्ये जपानजवळच्या गर्तेत कॅमेऱ्याला मासा दिसला तो ८,३३६ मीटरवर. गणित जवळजवळ बरोबर!

आपल्या मुशीची, म्हणजे शार्कची, तऱ्हा आणखी निराळी. ती समुद्राच्या खारटपणाशी बरोबरी करायला अंगात युरिया साठवते. युरिया प्रथिनांची घडी उसवतो, म्हणून त्याला उतारा म्हणून पुन्हा टीएमएओ. मुशी शिळी झाली की नाकात जाणारा तो अमोनियाचा भपकारा त्याच युरियाचा.

आता मासा मेला. इथून पुढे टीएमएओला दोन वाटा फुटतात.

पहिली वाट जीवाणूंची. कल्ल्यांतले, पोटातले जीवाणू ऑक्सिजन संपला की टीएमएओमधला ऑक्सिजन ओढून श्वसन भागवतात. उरतो ट्रायमिथाइलअमाइन, आणि हाच तो आपला हिवस वास. तो अल्कधर्मी असतो, म्हणून कोकमाचं आगळ, चिंच किंवा लिंबू लावलं की त्याचा क्षार होतो आणि तो हवेत उडेनासा होतो. आजीला हे रसायनशास्त्र हातानेच कळलेलं होतं. फक्त वास गेला म्हणजे मासा ताजा झाला, असं मात्र नाही.

दुसरी वाट माशाच्या स्वतःच्या विकराची म्हणजे एन्झाइमची, आणि गोव्याच्या भांडणाचं मूळ इथे आहे. काही माशांमध्ये एक विकर असतं, ते टीएमएओचा एक मिथाइल हात ऑक्सिजनसकट कापून काढतं. हाती दोन तुकडे येतात: एक डायमिथाइलअमाइन आणि एक फॉर्मल्डिहाइड. फॉर्मल्डिहाइड हा वायू पाण्यात साधारण ३७ टक्के विरघळवला की त्यालाच फॉर्मेलिन म्हणतात. थोडक्यात, कुणी बाटली न उघडताही माशात फॉर्मल्डिहाइड तयार होतं. हे विकर कॉडच्या कुळात भरपूर असतं. आणि आपल्याकडे? बोंबलात आणि त्याच्या चुलतभावात, ज्याला कोळी चोर बोंबील म्हणतात. गंमत म्हणजे गोठवल्यावर जीवाणू गप्प बसतात, पण हे विकर शून्याखाली थोड्या अंशांवरही चालूच राहतं. साध्या फ्रीझरात बरेच दिवस पडलेल्या अशा माशाचं मांस चिवट, स्पंजसारखं लागतं, कारण फॉर्मल्डिहाइड प्रथिनांच्या साखळ्यांना एकमेकींशी टाके घालतं. प्रयोगशाळेत बरणीतला बेडूक कडक होतो तो याच टाक्यांनी.

मग चोर कसा पकडायचा? कोचीच्या केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेने कागदी पट्टीची स्वस्त चाचणी काढली आहे. माशावर पट्टी घासायची, द्रावणाचा थेंब टाकायचा, काही मिनिटांत रंग बघायचा. नाक्यावर गाडी अडवायला ती फार उपयोगी. पण पट्टीला फॉर्मल्डिहाइड दिसतं, ते आलं कुठून हे दिसत नाही. त्यासाठी हिशेब करावा लागतो, आणि तो मला फार आवडतो. विकराने कापलं तर दोन्ही तुकडे एकास एक निघतात. फॉर्मल्डिहाइडचा रेणुभार ३०, डायमिथाइलअमाइनचा ४५. म्हणजे किलोमागे ३० मिलिग्रॅम फॉर्मल्डिहाइड निसर्गाने दिलं असेल, तर सोबत ४५ मिलिग्रॅम डायमिथाइलअमाइन हजर असायलाच हवं. खरं तर त्याहून जास्तच, कारण फॉर्मल्डिहाइडचा बराच भाग प्रथिनांना चिकटून बसतो आणि मोजणीत सापडत नाही. जुळा भाऊ नसताना एकटंच फॉर्मल्डिहाइड भरपूर सापडलं, तर ते बाटलीतून आलं असा संशय घ्यायला जागा आहे. अर्थात बर्फाच्या पाण्याबरोबर दोघेही वाहून जातात, वेगवेगळ्या प्रमाणात. म्हणून हिशेब कागदावर दिसतो तितका सरळ बसत नाही. इथे कंटाळला असाल तर एवढंच धरून चाला: ‘सापडलं’ आणि ‘मिसळलं’ ही दोन वेगळी क्रियापदं आहेत.

कायद्यालाही हे उशिराच उमगलं. फॉर्मेलिन मासळीत घालायला परवानगी नाही, हे स्पष्टच होतं. पण निसर्गतः असलेल्या फॉर्मल्डिहाइडच्या, माशांच्या गटवार, मर्यादा एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने घातल्या त्या २०१९ मध्ये, गोव्याचा गोंधळ होऊन गेल्यावर. फॉर्मल्डिहाइड कर्करोगकारक आहे, याबद्दल वाद नाही. मात्र तो ठपका मुख्यतः ते वर्षानुवर्षं हुंगणाऱ्या कामगारांच्या अभ्यासावर उभा आहे, आणि आपल्या रक्तातही लिटरमागे दोन-तीन मिलिग्रॅम ते कायम असतंच. बाटली ओतणाऱ्याला यातून सूट मिळत नाही, पण बोंबील टाकून द्यायचीही गरज नाही.

टीएमएओचा विषय निघालाच आहे तर रूपचंदबद्दल सांगतो. देशावरच्या बाजारांत ‘पापलेट’ म्हणून जो मासा अनेकदा गळ्यात मारला जातो, तो तळ्यात वाढवलेला रूपचंद असतो. मूळचा दक्षिण अमेरिकेतला, पिरान्हाच्या गोतावळ्यातला. खायला वाईट नाही, पण पापलेटाच्या भावाने का घ्यायचा? गोड्या पाण्यातला असल्याने त्याच्यात टीएमएओ नगण्य. आख्खा मासा असेल तर जाणकार नजरेनेच ओळखतो. तुकडी करून मसाला फासला की मात्र डीएनए तपासावा लागतो. सीओआय नावाच्या जनुकातली साधारण ६५० अक्षरं वाचली की जात कळते. ही ‘बारकोड’ची कल्पना २००३ ची. अमेरिकेत समुद्रसंवर्धनाचं काम करणाऱ्या ओशियाना संस्थेने २०१३ साली १,२१५ नमुने असे तपासले, तेव्हा एक तृतीयांश चुकीच्या नावाने विकले जात होते. आपल्या गल्लीतल्या हॉटेलांचे नमुने कोण तपासणार? निर्यातीच्या कोळंबीत प्रतिजैविकांचे अंश आहेत का, हे बघायला प्रयोगशाळा सज्ज असतात, कारण युरोप कंटेनर परत पाठवतो. आपण पाठवत नाही.

आणि ज्याचा व्हिडिओ कधीच येत नाही ते सांगायचं राहिलं. बांगडा, तारली, कुपा या काळपट मांसाच्या माशांत हिस्टिडीन हे अमिनो आम्ल भरपूर असतं. मासा तासन्‌तास गरम राहिला की जीवाणू त्याचं हिस्टामिन करतात. खाल्ल्यावर तासाभरात तोंड लाल, अंगावर गांध्या, डोकं ठणकतं. घरी म्हणतात, बांगडा बाधला, पित्त उठलं. काही घरांत मासे आणि दूध एकत्र आले म्हणून कोड फुटेल, अशी भीतीही घालतात. कोडाचा माशाशी आणि दुधाशी काडीचा संबंध नाही. हिस्टामिन मात्र खरं असतं, आणि ते तळून, उकळून, कुकरला लावूनही जात नाही. कोकमाने झाकत नाही, नाकाला नेहमी कळतही नाही. ते होऊ न देणारी वस्तू एकच, बर्फ, आणि तोही मासा जाळ्यातून बाहेर आल्यापासून.

त्या सकाळी मी मावशीला फॉर्मेलिनचं विचारलं, तेव्हा ती खळखळून हसली. ‘दादा, ते आणायला पैसे कुठनं काढू?’ मग बर्फाचं विचारलं. टोपलीखालच्या थर्माकोलच्या पेटीत तिने हात घातला, चिमूटभर चुरा बाहेर काढला. लादी महागली म्हणून आज अर्धीच घेतली होती, आणि अकरा वाजत आले होते.