गव्याचा क्लोन आणि गोठवलेल्या पेशींची पाऊणशे वर्षे

सावंतवाडी, कुडाळ, दोडामार्ग या भागांत गवा हा आज शेतकऱ्याच्या तक्रारीचा आणि वनखात्याच्या पंचनाम्याचा विषय झाला आहे. तो वायंगणी भात तुडवतो, काजूची नवी रोपे मोडतो आणि रात्री घाटरस्त्यावर गाड्यांसमोर उभा ठाकतो. नामशेष होण्याचा धोका असलेल्या वन्य प्रजातींपैकी क्लोन पद्धतीने, म्हणजे एकाच जनावराच्या पेशीपासून त्याची प्रत म्हणून, जिवंत जन्मलेला पहिला प्राणी मात्र हा गवाच होता. ८ जानेवारी २००१ रोजी अमेरिकेतील आयोवा राज्यात बेसी नावाच्या पाळीव गाईने गव्याच्या वासराला जन्म दिला. त्याचे नाव नोआ ठेवण्यात आले आणि दोनच दिवसांत ते हगवणीने दगावले. ज्या नर गव्याच्या त्वचेच्या पेशींपासून हे वासरू तयार केले होते, तो सुमारे आठ वर्षांपूर्वीच मेला होता. त्याच्या पेशी तेवढ्या सॅन डिएगो येथे गोठवून ठेवलेल्या होत्या. अॅडव्हान्स्ड सेल टेक्नॉलॉजी या कंपनीने या प्रयोगासाठी गाईची ६९२ अंडी वापरली होती आणि त्यांतून जिवंत वासरू मिळाले ते हे एकच.

क्लोन म्हणजे काय, हे आंबा बागायतदाराला वेगळे समजावण्याची गरज नाही. हापूसची कोय पेरून हापूस मिळेलच याची खात्री नसते. म्हणून रायवळच्या रोपावर हापूसची काडी बांधून कलम करतात, आणि फळ हापूसचे लागले तरी मूळ रायवळचेच राहते. नोआच्या बाबतीतही जवळपास हेच घडले होते. गाईच्या अंड्यातील केंद्रक, म्हणजे आनुवंशिक मजकूर असलेला पेशीचा भाग, काढून टाकून त्या जागी गव्याच्या पेशीचे केंद्रक बसवले होते. त्यामुळे वासराचा जवळजवळ सगळा आनुवंशिक मजकूर गव्याचा होता, परंतु पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रिया अंड्यातून आलेल्या, म्हणजे गाईच्या होत्या. कलमाला बाजारात हापूसच म्हणतात आणि ते योग्यच आहे. अशा वासराला नि:शंकपणे गवा म्हणावे का, यावर मात्र तज्ज्ञांचे आजही एकमत नाही.

या तंत्राचा इतिहास बहुधा १९९६ साली स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या डॉली या क्लोन मेंढीपासून सांगितला जातो. माझ्या मते तो १९४९ पासून सांगायला हवा. त्या वर्षी इंग्लंडमध्ये ख्रिस्तोफर पोल्ज, ऑड्री स्मिथ आणि अॅलन पार्क्स यांनी ग्लिसरॉल मिसळल्यास शुक्रपेशी गोठवूनही जिवंत राहतात, हे दाखवून दिले. साधे पाणी गोठताना पेशीत बर्फाचे स्फटिक होतात आणि पेशी आतून फाटते. ग्लिसरॉल हे स्फटिक होऊ देत नाही. या शोधाचा वारसा आज कोकणातल्या गावागावांत पोहोचला आहे. गाय माजावर आल्याचा निरोप गेला की पशुवैद्यकीय दवाखान्यातील कर्मचारी मोटारसायकलवर नायट्रोजनचा कंटेनर घेऊन येतो. झाकण उघडताच पांढरी वाफ बाहेर पडते, उणे १९६ अंश तापमानातून चिमट्याने एक बारीक नळी वर येते, ती कोमट पाण्यात अर्धा मिनिट धरली जाते आणि कृत्रिम रेतन होते. ज्या वळूचे रेत त्या नळीत आहे, तो कदाचित हयातही नसतो. गोठ्यात उभ्या असलेल्या कोणालाच त्यात काही नवल वाटत नाही. नामशेष प्रजाती परत आणण्याच्या साऱ्या चर्चेचा पाया या कंटेनरात आहे.

गोठवण्याचे तंत्र हाताशी येण्याआधीही प्रयत्न झाले होते. पाळीव गुरांचा रानटी पूर्वज असलेला ऑरॉक्स १६२७ साली पोलंडमध्ये संपला. १९२० च्या दशकात जर्मनीतील हेक बंधूंनी निरनिराळ्या गुरांच्या जातींचा संकर करून तो पुन्हा घडवण्याचा प्रयत्न केला. जनावरे दिसायला काहीशी तशी झाली, एवढेच. आफ्रिकेतील अर्ध्या अंगावर पट्टे असलेला क्वागा हा झेब्रा १८८३ साली अॅमस्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात संपला होता. १९८४ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातील रसेल हिगुची आणि अॅलन विल्सन यांच्या गटाने संग्रहालयातील त्याच्या कातड्यातून डीएनएचे तुकडे काढून वाचले. मेलेल्या प्रजातीचा आनुवंशिक मजकूर वाचता येतो, हे तेव्हा प्रथमच सिद्ध झाले. वाचलेल्या तुकड्यांवरून जनावर जन्माला घालणे ही मात्र फार निराळी गोष्ट होती आणि अजूनही आहे. क्लोनसाठी अखंड केंद्रक असलेली पेशी लागते, आणि ती वेळीच गोठवली नसेल तर मिळत नाही.

ती वेळीच गोठवावी, हा विचार सॅन डिएगो येथे कुर्ट बेनिर्श्के या संशोधकांनी १९७० च्या दशकात प्रत्यक्षात आणला. या पेशींचे पुढे काय करता येईल हे त्यांनाही ठाऊक नव्हते, कारण डॉली जन्मायला वीस वर्षे बाकी होती. नोआ त्याच साठ्यातून आला. काळ्या पायांच्या फेरेटची कथाही तिथलीच आहे. मुंगसाएवढा हा अमेरिकन प्राणी संपला असे मानले गेले होते. १९८१ मध्ये वायोमिंगमध्ये त्याची शेवटची वसाहत सापडली आणि आज जिवंत असलेले फेरेट त्यांतल्या अवघ्या ७ जनावरांचे वंशज आहेत. विला नावाची एक मादी या सातांत नव्हती आणि १९८८ मध्ये ती मेली, परंतु तिच्या पेशी गोठवलेल्या होत्या. त्या पेशींपासून १० डिसेंबर २०२० रोजी एलिझाबेथ अॅन ही क्लोन मादी जन्मली, आणि तिच्यानंतर त्याच पेशींपासून झालेल्या अँटोनियाला २०२४ मध्ये पिल्ले झाली. सात जनावरांपुरत्या उरलेल्या वंशात आठव्या जनावराची विविधता मेल्यानंतर तीस-पस्तीस वर्षांनी पोहोचली. या सगळ्या इतिहासातील सर्वांत उपयोगाची घटना मला हीच वाटते, जरी तिची बातमी फारशी गाजली नाही.

गाजले ते दुसरेच. पिरेनीज पर्वतातील बुकार्दो या रानबकऱ्याची शेवटची मादी सीलिया ६ जानेवारी २००० रोजी झाड अंगावर पडून मेली. तिच्या पेशी आदल्याच वर्षी घेतलेल्या असल्याने ३० जुलै २००३ रोजी तिचा क्लोन जन्मला, पण फुप्फुसातील व्यंगामुळे काही मिनिटांतच मेला. नामशेष झालेली प्रजाती काही मिनिटांसाठी परत आली आणि दुसऱ्यांदा नामशेष झाली, असे तेव्हापासून म्हटले जाते. २०१२ मध्ये क्रिस्पर हे जनुकसंपादनाचे तंत्र आले आणि अखंड पेशीची अट वळसा घालून टाळता येईल, असे वाटू लागले: नामशेष प्राण्याचा वाचलेला मजकूर समोर ठेवायचा आणि त्याच्या जिवंत नातेवाइकाच्या पेशीत तेवढे बदल करायचे. २०२१ मध्ये स्थापन झालेल्या कोलोसल या कंपनीने एप्रिल २०२५ मध्ये नामशेष झालेला डायर लांडगा परत आणल्याचे जाहीर केले, ते याच मार्गाने. करड्या लांडग्याच्या १४ जनुकांत २० बदल केलेली ती पिल्ले पांढरी आणि धिप्पाड आहेत. पण २०२१ च्या एका संशोधनानुसार डायर लांडगा आणि करडा लांडगा यांचे वंश सुमारे ५७ लाख वर्षांपूर्वीच वेगळे झाले होते, आणि आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या श्वानकुळ तज्ज्ञगटाने ही पिल्ले डायर लांडगे नाहीत असे स्पष्ट केले. याच संघाने २०१६ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा प्राण्यांना ‘प्रतिनिधी’ मानले आहे. मूळ प्रजातीचे पुनरागमन त्यात गृहीत धरलेले नाही.

भारतात या वाटेवर पहिले पाऊल हैदराबादच्या पेशी व रेणूजीवशास्त्र केंद्राने टाकले. केंद्राचे तत्कालीन संचालक लालजी सिंग यांनी चित्त्याचा क्लोन करण्याची कल्पना मांडली होती. भारतातील चित्ता १९५२ मध्ये नामशेष घोषित झाला. आशियाई चित्ता उरला होता तो इराणात, आणि इराणने ना जनावर दिले ना पेशी. शेवटी सप्टेंबर २०२२ मध्ये कुनोत आले ते नामिबियाचे आफ्रिकी चित्ते, आणि तेही विमानाने. त्याच केंद्राच्या संकटग्रस्त प्रजातींसाठीच्या प्रयोगशाळेत २००६ मध्ये कृत्रिम रेतनातून चितळाचे पाडस जन्मले, हे यश आकाराने लहान परंतु खरे होते. कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेने २००९ मध्ये म्हशीचा आणि मार्च २०२३ मध्ये गंगा नावाचा गीर गाईचा क्लोन जन्माला घातला. डिसेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडच्या आशा या रानम्हशीचा क्लोन म्हणून तेथे दीपाशा जन्मली, पण ती मोठी झाल्यावर मुऱ्हा या पाळीव जातीच्या म्हशीसारखी दिसू लागली आणि ती खरोखर कोणाचा क्लोन आहे यावर वाद झाला.

कोकणापुरते पाहायचे तर नामशेष प्राण्यांचा विचार फार लांब जात नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील कातळशिल्पांत हत्ती आहे, गेंड्यासारखी आकृतीही आहे. राजापूर तालुक्यातील कशेळीच्या सड्यावरचा, म्हणजे कातळाच्या पठारावरचा, हत्ती तर एवढा मोठा आहे की त्याच्या पोटात इतर अनेक प्राणी कोरलेले आहेत. गेंडा या सड्यांवर खरोखर चरत होता असे धरले, तरी त्याची पेशी मिळण्याची आशा नाही. मॅमथचा डीएनए दहा लाख वर्षांहून अधिक टिकला तो सैबेरियाच्या कायम गोठलेल्या जमिनीत. ऊब, ओल आणि आम्ल ही तिन्ही डीएनएची शत्रू आहेत, आणि जांभ्याच्या मातीत व कोकणच्या पावसाळ्यात ती तिन्ही एकत्र येतात. तेथे हाडच टिकत नाही.

जे प्राणी अजून आहेत, त्यांच्या बाबतीत तंत्राआधी कारण पाहावे लागते. म्हसळा आणि श्रीवर्धन तालुक्यांत पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडांची घरटी अजून आहेत. देशभरात मात्र १९९० नंतर ही प्रजाती ९९ टक्क्यांहून अधिक घटली. गुरांना दिलेले डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक मढ्यातून गिधाडाच्या पोटात जाते, त्याची मूत्रपिंडे निकामी होतात आणि युरिक आम्ल अवयवांवर साचते, हे २००४ मध्ये उघड झाले. २००६ मध्ये गुरांसाठी हे औषध बंद झाले, परंतु त्याच धाटणीची केटोप्रोफेन आणि असिक्लोफिनॅक २०२३ पर्यंत चालूच होती. औषध दुकानात असताना गिधाडांचे क्लोन करून सोडले असते, तर ते क्लोनही त्याच मढ्यावर उतरले असते. याच्या उलट, वेळास येथे २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने ऑलिव्ह रिडले कासवांच्या अंड्यांना कुंपण घालून आणि गावालाच राखणीत घेऊन जे साधले, त्याला कोणतीही प्रयोगशाळा लागली नाही. गव्याचेही तसेच आहे. बांधवगडमधून तो नाहीसा झाल्यावर २०११ पासून कान्हातून जिवंत गवे ट्रकने नेऊन सोडले गेले आणि तेथे कळप पुन्हा उभा राहिला. नोआच्या ६९२ अंड्यांशी त्याची तुलना न केलेलीच बरी.

तरीही गोठवण्याचे काम कोकणासाठी अनावश्यक आहे असे नाही, आणि ते प्राण्यांपेक्षा झाडांच्या बाबतीत अधिक अवघड आहे. भात, नाचणी, कुळीथ यांचे बी वाळवून शीतगृहात वर्षानुवर्षे ठेवता येते. आंबा, फणस, नारळ यांचे बी वाळले की मरते; ओले गोठवले तर आतल्या पाण्याच्या बर्फाने मरते. दोडामार्ग तालुक्यातील बांबर्डे येथे रानजायफळाची दलदल आहे. चिखलातून गुडघ्यासारखी मुळे वर काढणाऱ्या या झाडांची राई देवाची म्हणून टिकली आणि २०२१ मध्ये तिला जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर केले गेले. या झाडाचे बीही याच जातकुळीतले. अशा झाडांचा फक्त भ्रूण किंवा कोंबाचे टोक काढून ते द्रव नायट्रोजनमध्ये ठेवावे लागते, आणि दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरोत तशी गोठणपेढी आहे. प्रत्येक प्रजातीसाठी किती वाळवायचे आणि किती वेगाने गोठवायचे, हे मात्र स्वतंत्रपणे शोधावे लागते, आणि रायवळ आंब्याच्या गावोगावच्या झाडांसाठी एवढा खटाटोप कोणी करणार नाही. ती झाडे दारातच राखायला हवीत. कोकण कपिला गाय आणि कोकण कन्याळ शेळी यांचे त्या मानाने सोपे आहे. दोन्हींची नोंद देशी जाती म्हणून झालेली आहे आणि रेतमात्रा गोठवण्याचे तंत्र दारापर्यंत आलेले आहे, फक्त त्यासाठी शुद्ध जातीचे वळू आणि बोकड शोधून ठेवावे लागतील.

वन्य प्राण्यांच्या नमुन्यांसाठी २०१६ मध्ये हैदराबादच्या त्याच प्रयोगशाळेत राष्ट्रीय वन्यजीव आनुवंशिक संसाधन पेढी सुरू झाली. विहिरीत पडून किंवा गाडीची धडक बसून गवा मेला, की आपल्याकडे शवविच्छेदन होते, पंचनामा होतो आणि मढे जाळले किंवा पुरले जाते. कानाचा नखाएवढा तुकडा त्याच वेळी निर्जंतुक द्रावणात घालून थंड ठेवला, तर त्यातील पेशी वाढवून गोठवता येतात. उन्हात पडलेल्या मढ्यातून त्या लवकरच निरुपयोगी होतात. गवा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असल्याने हा तुकडा कोणालाही परस्पर घेता येत नाही. तो वनखात्याच्या परवानगीने शवविच्छेदन करणाऱ्या पशुवैद्यकानेच घ्यायला हवा, आणि त्यासाठी द्रावणाची बाटली व बर्फाची पेटी आधीपासून त्याच्या गाडीत असायला हवी.