खांबांखालची तुळस

आमच्या सोसायटीच्या स्टिल्टमध्ये, म्हणजे इमारतीखालच्या नुसत्या खांबांच्या मोकळ्या तळमजल्यात, वॉचमनकाकांनी हौसेनं तुळशीची कुंडी ठेवली होती. रोज पाणी घालूनही तुळशीनं मान टाकली. कुंडी गेटपाशी उन्हात हलवली, तशी तुळशीला पुन्हा पालवी फुटली.

शहरच खांबांवर उचलायचं आणि खालची जमीन झाडांना, किड्यामुंग्यांना मोकळी सोडायची, ही कल्पना जवळजवळ शंभर वर्षांची. ल कॉर्बुझिए या वास्तुविशारदानं १९२०च्या दशकात खांबांवरच्या घरांचा आग्रह धरला. फ्रान्समधल्या मार्से शहरातली त्याची १८ मजली इमारत १९५२ साली पूर्ण झाली. दणकट खांबांवर ३३७ घरं! हिरवळ मात्र भोवती, पोटाखाली सावलीच.

हिशेब सोपा आहे. समजा, इमारत २४ मीटर रुंद आणि खालचं छत ३ मीटरवर. मधोमध उगवलेल्या गवताला दोन्ही बाजूंना क्षितिजापासून जेमतेम १४ अंशांपर्यंतचं आकाश दिसणार. आपल्याकडे तेवढ्यात कंपाउंडची भिंत आणि शेजारची बिल्डिंग येते. पावसाचं पाणी पाइपानं मातीकडे वळवता येईल, ऊन कसं वळवणार? छत ९ मीटरवर नेलं, तर हाच कोन ३७ अंश होतो.

पण मग इमारतीचे पाय लांबतात, आणि खरी भीती तिथे आहे. वरच्या मजल्यांना विटांच्या भिंती ताठ धरून ठेवतात. खाली नुसते खांब. जमीन हादरली की वरचा भाग ठोकळ्यासारखा एकसंध हलतो आणि सगळं वाकणं खालच्या खांबांच्या वाट्याला येतं. २६ जानेवारी २००१च्या भूकंपाचं केंद्र भुजजवळ होतं. पण दोनशेहून जास्त किलोमीटरवरच्या अहमदाबादेत इमारती कोसळल्या, त्यांत अशा मोकळ्या तळमजल्याच्या बऱ्याच होत्या. भूकंपाला तोंड देणाऱ्या बांधकामासाठीच्या २००२च्या भारतीय मानकात अशा मजल्याचे खांब हिशेबापेक्षा अडीचपट बळासाठी आखण्याची तरतूद आली. बरं, एवढं करून खाली लावतो काय, तर गाड्या!

उजेडाचा प्रश्न मला वाटतं योना फ्रिडमन या वास्तुविशारदानं नीट ओळखला. १९५०च्या दशकाच्या अखेरीस त्यानं जुन्या शहरांवर आणि शेतांवर उभ्या राहणाऱ्या जाळीदार सांगाड्याची चित्रं काढली. त्यात घरं बसवायची ती काही खणांतच. बाकीचे खण मुद्दाम रिकामे, खाली ऊन पडावं म्हणून. शहर काही उभं राहिलं नाही. रिकामा खण विकायचा कोणत्या भावानं, हे कुठल्या बिल्डरला विचारून पाहा.