इम्पॅक्ट फॅक्टर जर्नलचा, एच-इंडेक्स माणसाचा

प्राध्यापकपदाच्या अर्जासोबतच्या बायोडेटात शोधनिबंधांची यादी संपली की पुष्कळदा एक ओळ येते : ‘एकूण इम्पॅक्ट फॅक्टर’. ज्या ज्या जर्नलमध्ये पेपर छापून आला, त्यांच्या इम्पॅक्ट फॅक्टरची ही बेरीज. या बेरजेला काही अर्थ नाही, कारण तो आकडा अर्जदाराचा नसतोच.

कोणत्या पेपरचा संदर्भ, म्हणजे सायटेशन, पुढे कोणत्या पेपरांनी दिलं याची सूची म्हणजे सायटेशन इंडेक्स. त्यासाठी जर्नल्स निवडता यावीत म्हणून फिलाडेल्फियाच्या यूजीन गारफिल्ड यांनी 1960 च्या दशकात इम्पॅक्ट फॅक्टर घडवला. हिशोब सरळ आहे. समजा, 2009 चा इम्पॅक्ट फॅक्टर काढायचाय. 2007 आणि 2008 मध्ये जर्नलने छापलेल्या लेखांना 2009 मध्ये मिळालेली सायटेशन्स मोजायची आणि त्या दोन वर्षांतल्या शोधनिबंधांच्या संख्येने भागायचं. म्हणजे ही सरासरी, आणि सरासरी एकाच पेपरने किती फुगते हे ‘अ‍ॅक्टा क्रिस्टलोग्राफिका ए’ या जर्नलने दाखवून दिलं. जॉर्ज शेल्ड्रिक यांनी 2008 मध्ये तिथे शेलेक्स या आपल्या सॉफ्टवेअरवर लेख लिहिला. स्फटिकांची रचना शोधणारा जवळपास जो तो हे सॉफ्टवेअर वापरतो, आणि वापरलं की तो लेख साइट करतो. 2 च्या आसपास असलेला या जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर 2009 चा निघाला 49.926! तो लेख दोन वर्षांच्या खिडकीबाहेर गेल्यावर आकडा पुन्हा 2 वर. त्याच काळात तिथे छापलेल्या बाकीच्या पेपरांच्या लेखकांनी 49.926 आपल्या नावापुढे मांडला, तर त्यांच्या कामाबद्दल काय कळणार?

एच-इंडेक्स संशोधकाचा स्वतःचा असतो. सॅन दिएगोचे भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी तो 2005 मध्ये सुचवला. पेपर सायटेशन्सच्या उतरत्या क्रमाने लावा : 40, 12, 6, 4, 1. चौथ्या पेपरला किमान 4 आहेत, पाचव्याला 5 नाहीत. म्हणजे किमान 4 सायटेशन्स असलेले पेपर 4, म्हणून एच 4. आता दुसरी यादी घ्या : 400, 3, 2, 1, 1. इथे एच फक्त 2. अख्ख्या क्षेत्राने वापरलेला तो 400 चा पेपर जवळपास अदृश्य होतो, आणि मला हे फार खटकतं. शिवाय हा आकडा वयाबरोबर वाढतो, सहसा घटत नाही. त्यामुळे नुकती पीएचडी झालेल्या मुलीची तुलना तिच्या गाइडशी करणं अन्यायाचं आहे. गणितज्ञाची वैद्यकीय संशोधकाशी तुलनाही तशीच, कारण गणितात सायटेशन्स मुळातच कमी पडतात.

दोन्हींची गल्लत केवळ अर्जदार करतात असं नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) 2018 च्या नियमांतही पेपरचे गुण जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरनुसार वाढवलेले आहेत. असं करू नका, हे 2012 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जमलेल्या संपादकांनी जाहीरनामाच काढून सांगितलं होतं.

बायोडेटातली ती बेरीज खोडा. त्या जागी प्रत्येक पेपरची स्वतःची सायटेशन्स लिहा. एच-इंडेक्स दिलात तर तो सायटेशन्स मोजणाऱ्या कोणत्या डेटाबेसचा, गूगल स्कॉलरचा की स्कोपसचा, आणि कोणत्या तारखेचा, तेही लिहा. गूगल स्कॉलर प्रबंधसुद्धा मोजतं, म्हणून तिथला आकडा बहुधा मोठा असतो.