होम लोन दुसऱ्या बँकेत न्यायचंय? आधी हे वाचा

२०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो रेट (ज्या दराने ती बँकांना पैसे देते तो) चारदा उतरवला, फेब्रुवारीआधी ६.५० टक्के होता तो डिसेंबरात ५.२५ वर आला, आणि तेव्हापासून आमच्याकडे लोनच्या सल्ल्याला येणाऱ्या निम्म्या लोकांचा प्रश्न एकच असतो, रेट एवढा उतरला तर माझा हप्ता तेवढाच कसा काय?

आधी तुमचं लोन कशाला जोडलेलं आहे ते बघा. १ ऑक्टोबर २०१९ नंतर बँकेकडून फ्लोटिंग (म्हणजे बदलत्या) रेटचं होम लोन घेतलं असेल तर ते बहुतेक रेपोला जोडलेलं असतं आणि तीन महिन्यांत एकदा तरी रेट बदलावाच लागतो. त्याआधीचं लोन एमसीएलआर नाहीतर बेस रेटवर (बँकेने स्वतः ठरवलेले जुन्या पद्धतीचे रेट) अडकलेलं असू शकतं, तिथे कपात रखडत रखडत पोचते. आणि हाउसिंग फायनान्स कंपनीचं लोन असेल तर त्यांना हा रेपोचा नियम लागूच नाही, ते आपापल्या रेटवर चालतात. दुसरी गोष्ट म्हणजे रेट उतरला की बऱ्याच ठिकाणी हप्ता तोच ठेवून मुदत कमी करतात, त्यामुळे स्टेटमेंट काढून किती महिने राहिले ते मोजा, हप्त्याकडे बघून काही कळत नाही.

आता ट्रान्सफरचं. समजा ३० लाख बाकी आहेत, १५ वर्षं राहिलीत, रेट ९.२५ टक्के. हप्ता येतो ३०,८७६ आणि त्यातले २३,१२५ या महिन्यात नुसतं व्याज. नवीन बँक ८ टक्क्याने देते म्हणाली. फोनवरचा मुलगा सांगतो, सर हप्ता २५,०९३ होईल, महिन्याला पावणेसहा हजार वाचले! ऐकायला एकदम भारी, फक्त त्याने गुपचूप मुदत १५ ची २० वर्षं केलेली असते. जुन्या लोनचे एकूण भरायचे होते ५५ लाख ५८ हजार, आता भरणार ६० लाख २२ हजार. म्हणजे सव्वा टक्का कमी रेट घेऊन साडेचार लाखांपेक्षा जास्त पैसे घालवले, वर पाच वर्षं लोन वाढलं ते वेगळंच.

हेच लोन मुदत १५ वर्षंच ठेवून नेलं तर हप्ता २८,६७० च्या आसपास येतो आणि चार लाखांच्या जवळपास वाचतात. आणि जमत असेल तर आम्ही म्हणतो जुनाच ३०,८७६ चा हप्ता चालू ठेवा, लोन १८० ऐवजी १५७ महिन्यांत संपतं आणि सात लाखांच्या आसपास वाचतात. एवीतेवी तो हप्ता खिशातून जायची सवय झालेलीच आहे.

यातून ट्रान्सफरचा खर्च वजा करा. फ्लोटिंग लोनवर जुनी बँक फोरक्लोजरचा (मुदतीआधी लोन बंद करण्याचा) दंड लावू शकत नाही (लोन वैयक्तिक नावावर असेल तर), ती काळजी नको. पण नवीन बँकेची प्रोसेसिंग फी, त्यावर १८ टक्के जीएसटी, वकिलाचा रिपोर्ट, व्हॅल्युएशन, आणि लोकांच्या हमखास लक्षात न येणारी गोष्ट म्हणजे गहाणखताची स्टॅम्प ड्युटी, महाराष्ट्रात साधारण ०.३ टक्के, म्हणजे ३० लाखांवर ९,००० रुपये, आधीच्या बँकेत भरली होती तरी परत भरायची. रेटमध्ये फरक पाव टक्क्याचा असेल आणि लोन पाच-सहा वर्षांत संपणार असेल तर एवढी धावपळ करू नका, सरळ सांगतो.

त्यापेक्षा आधी स्वतःच्या बँकेत जा. नवीन बँकेचं सँक्शन लेटर (लोन मंजुरीचं पत्र) हातात ठेवून रेट कमी करा असा लेखी अर्ज द्या. थोडी कन्व्हर्जन फी घेऊन बऱ्याच बँका देतात. तीन वर्षं झाल्याशिवाय स्प्रेड (रेपोच्या वर बँक लावते ते टक्के) कमी होत नाही असं काउंटरवर सांगितलं तर मागे हटू नका, ऑक्टोबर २०२५ पासून ग्राहक टिकवायला बँक आधीही कमी करू शकते. आम्ही फी तुमच्याकडून घेतो, बँकेकडून कमिशन नाही, म्हणून हे बोलायला आम्हाला काही जड जात नाही 🙂

ट्रान्सफर करताना दोन गोष्टी अजून चिकटवतात, टॉप-अप (त्याच घरावर वाढीव लोन) आणि इन्शुरन्स. टॉप-अप घेऊन गाडी घेतली की त्या गाडीचे हप्ते १५ वर्षं चालतात. इन्शुरन्सचा प्रीमियम लोनमध्येच टाकतात, म्हणजे प्रीमियमवर पण व्याज. टर्म प्लॅन (नुसता आयुर्विमा) वेगळा घ्या, पण घ्या नक्की.

टॅक्स वाचतो म्हणून लोन चालू ठेवणाऱ्यांनी आपण टॅक्सच्या कुठल्या रिजीममध्ये (जुनी की नवीन पद्धत) आहोत ते तपासा. राहत्या घराच्या व्याजावरची २ लाखांची सूट फक्त जुन्या रिजीममध्ये आहे. नवीन रिजीम घेतली असेल तर ते कारणच उरत नाही, बोनस आला की पार्ट पेमेंट करून टाका.

पहिलं घर घेणाऱ्यांसाठी थोडक्यात. बँक ३० लाखांपर्यंतच्या लोनला घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के देते, ७५ लाखांपर्यंत ८०, त्यावर ७५. स्टॅम्प ड्युटी आणि रजिस्ट्रेशन बहुतेक वेळा त्यात धरत नाहीत, पुण्यात ७ टक्के ड्युटी (फक्त बाईच्या नावावर घेतलं तर १ टक्का कमी), रजिस्ट्रेशन १ टक्का पण ३०,००० च्या वर नाही. बांधकाम चालू असेल तर जीएसटी ५ टक्के, परवडणाऱ्या घरांना १, ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) आल्यावर घेतलं तर नाही. रिसेलला सोसायटी ट्रान्सफर प्रीमियम मागते, नियमाने तो २५,००० च्या वर जात नाही, लाखभर मागितले तर पावती मागा. मेंटेनन्स, सिंकिंग फंड (मोठ्या दुरुस्तीसाठी सोसायटी साठवते तो), प्रॉपर्टी टॅक्स हे सगळं हप्त्याच्या वर येतं, ते धरून बजेट बसवा.

आणि लोन संपलं की ओरिजिनल कागद ३० दिवसांत परत द्यावे लागतात, बँकेमुळे उशीर झाला तर रोजचे ५,००० रुपये तुम्हाला. हा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे.

आमच्याकडे येताना सँक्शन लेटर, शेवटच्या १२ महिन्यांचं लोन स्टेटमेंट, इंडेक्स टू (घराच्या नोंदणीचा उतारा) आणि जुन्या बँकेची कागदपत्रांची यादी (एलओडी) आणा. एलओडी मिळायला वेळ लागतो, आजच अर्ज टाकून ठेवा.