फुकटच्या साक्षरता वर्गाला किंमत नसते?

"फी लावल्याशिवाय मोठी माणसं वर्गाला टिकत नाहीत," हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. माणसं गळतात हे खरंच, म्हणून तो पटतो. पण ती कधी गळतात? आपल्या सातारा-सांगलीकडच्या एखाद्या वर्गाचं हजेरीपत्रक मागून बघा. भांगलणीला, ऊसतोडीला किंवा घरी आजारपण आलं की खाडे. काम सरलं की पुन्हा हजेरी. फुकटपणा हेच कारण असतं, तर खाडे बारमाही दिसले असते.

शिवाय दिवसभर खुरपं धरलेल्या बोटांनी रात्री सही गिरवणारी बाई झोप मोडून आलेली असते. तिनं किंमत मोजलेलीच आहे. 1959 साली सातारा जिल्ह्यातच सुरू झालेली, प्रौढांना साक्षर करणारी ग्रामशिक्षण मोहीम फीवर नाही, शिक्षकांच्या आणि गावकऱ्यांच्या स्वेच्छेच्या कष्टांवर उभी राहिली. आजही सरकारी साक्षरता वर्ग मोफतच असतात; जिल्हा परिषदेच्या शाळेत विचारून खात्री करा.